झेबाच्या पेशीतला लोहकण

मित्रांनो, मी एक जुना लोहकण आहे. मी घडलो तेव्हा पृथ्वीही नव्हती. पण मला अभिमान आहे तो वयाचा नाही, धाड गावातल्या झेबाच्या घरी केलेल्या कामाचा.

बीटी कपाशी आली तशी शेतं धुऱ्यापर्यंत, म्हणजे पार बांधापर्यंत, कपाशीनं भरली. झेबाची सासू अजीजुन्निसा यांनी मात्र धुऱ्यावरची अंबाडी मोडू दिली नाही. काळ्या मातीतून मी त्या आंबट भाजीत शिरलो, तिथून झेबाच्या ताटात आलो आणि पुढे तिच्या यकृताच्या एका पेशीत पोहोचलो. पेशीत तंतुकणिका असतात, अन्नातून शक्ती काढणाऱ्या इवल्या भट्ट्याच. त्यातल्या एकीत मी रुजू झालो. आम्हा लोहकणांवाचून ती भट्टी पेटत नाही, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

बोंडअळीच्या साली झेबाला दिवस गेले होते. उरलासुरला कापूस वाचवायला ती उन्हातान्हात वेचणीला जाई, भाकरी टाळून काळ्या चहावर दिवस काढी. एके दिवशी तिला कपाशीतच भोवळ आली. आरोग्य केंद्रातल्या राखी सिस्टरनं रक्त तपासलं. त्यात लोह फार कमी होतं. असंच चाललं तर बाळंतपणात जिवावर बेतेल, असं तिनं बजावलं. गोळ्या दिल्या; चहा लोह अंगी लागू देत नाही, म्हणून त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या. तरी दुसऱ्या दिवशी झेबा वेचणीला निघालीच. अजीजुन्निसांनी तिच्या कमरेला बांधलेली कापूस वेचायची ओटी सोडली.

"कपाशी गेली तं गेली, बेटी. तू राह्यली पाह्यजे."

झेबा खाली बसली आणि किती तरी दिवसांनी पोटभर जेवली.

इकडे माझी तंतुकणिका झिजून बिघडली होती. तिच्यातून घातक ठिणग्या उडत होत्या. पेशीनं तिला पडद्यात गुंडाळून विरघळवलं आणि कामाचं तेवढं ठेवून घेतलं. मी मोकळा झालो. मोकाट लोह पेशीलाच जाळतं, म्हणून लोह सांभाळणाऱ्या प्रथिनानं मला लगेच आपल्या कोठारात घेतलं. पुढे बाळाला गरज पडली, तेव्हा मी झेबाच्या रक्तातून, वारेतून पलीकडे बाळाच्या रक्तात गेलो.

मुलगी सुखरूप जन्मली. तिचं नाव सफा ठेवलं. तिनं पहिला टाहो फोडला तेव्हा तिच्या लालबुंद रक्तात मी होतो!

मित्रांनो, पेशी आपल्या मोडतोडीतला कणही वाया जाऊ देत नाही. पण दमलेल्या माणसाला थांबवायला जवळचं माणूसच लागतं. तुमच्या घरात सगळ्यांच्या मागून जेवणारी कुणी असेल, तर आज तिच्या ताटात आधी वाढा.