पालखीच्या पुढची जागा

मला राग पटकन येतो. माझा नवरा सुजीत म्हणतो, मंजुषाला आधी राग येतो आणि त्याचं कारण तिला मागाहून सापडतं. त्या शनिवारी अगदी तसंच झालं.

आम्ही अबूधाबीत अल रीम आयलंडवर राहतो. आमची केया अकरा वर्षांची, जन्म इथलाच. शाळेत फ्रेंच आणि अरबी शिकते, आमच्याशी इंग्रजीत भांडते, आणि आमच्याच इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या वेदवल्ली मामींकडे तमिळ स्तोत्रं शिकते. मला ऑफिसातून यायला उशीर व्हायचा म्हणून ती मामींकडे बसायला लागली. डोसा खायची आणि मामी म्हणतील ते त्यांच्यामागून म्हणायची. तीन वर्षांत शंभराच्या वर पदं पाठ झाली. त्यांच्याकडे विष्णूच्या देवळात ही जुनी पदं पूजेत म्हणतात, एवढंच मला ठाऊक होतं. पण कौतुक मात्र मी भरपूर करून घेतलं. पुण्यातला एकही नातेवाईक व्हिडिओ कॉलवर केयाचं तमिळ ऐकल्याशिवाय सुटला नाही.

डिसेंबरातल्या उत्सवासाठी मामींच्या तमिळ मंडळाने हॉल घेतला होता. देवाची पालखी हॉलभोवती तीन फेऱ्या घालणार होती. शनिवारी तालीम होती, आणि मामींनी केयाला आपल्या गटात, पालखीच्या पुढे, पहिल्या रांगेत उभं केलं. ते बघून माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे मिरवणुकीत पुढे कोण असतं? ढोल-ताशेवाले आणि बाजूला व्हा म्हणून ओरडणारे स्वयंसेवक. मानाची माणसं देवाला धरून चालतात. इथे संस्कृत वेदपाठ म्हणणारी मंडळी पालखीच्या मागे अगदी खेटून उभी, आणि माझी पोर तिकडे लांब पुढे. मराठी आहे म्हणून लोटली पुढे, असं मी ठरवूनच टाकलं.

मग मी मामींना हिंदीत चांगलं सुनावलं, सगळ्या गटासमोर. तीन वर्षं पोरीने मेहनत केली आहे, तिला देवाजवळ जागा द्या, थोडं संस्कृतही येतं तिला, मागे उभी करा.  मामी जशी तुमची इच्छा म्हणाल्या आणि यादीत केयाचं नाव स्वतःच्या हाताने खाली वेदपाठवाल्यांत लिहिलं. मी मोठ्या तोऱ्यात पार्किंगकडे निघाले.

गाडी सुजीत चालवत होता. केया म्हणाली,

"आई, यू सेंट मी टु द बॅक."

मागे म्हणजे देवाजवळ, मी म्हटलं. तेव्हा तिने मला समजावलं, मी लहान आणि ती मोठी असल्यासारखं. तमिळ पदं म्हणणारे देवाच्या पुढे चालतात. देवाला ती ऐकायची असतात, म्हणून तो त्यांच्या मागून येतो. आणि वेद म्हणणारे देवाच्या मागून येतात. मामींच्या गावच्या देवळात पुढच्या जागी फक्त पुरुष उभे राहतात. तिथे मामींचे वडील म्हणायचे, आणि मामी खांबाआडून ऐकून शिकल्या. इथे आल्यावर त्यांनी बायका-मुलांचा गट उभा केला. त्या गटात, त्या जागी, तमिळ नसलेलं मूल पहिल्यांदाच उभं राहणार होतं.

"मग तू तिथेच का नाही बोललीस?"

"मामी सेज, चारचौघांत आईला उलट बोलायचं नाही."

सुजीतने रस्त्यावरची नजर हलवली नाही. शहाणा माणूस. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. घरी येऊन मी मामींना फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. भर हॉलमध्ये केलेला तमाशा फोनवर मिटवणं बरं दिसलं नसतं.

उत्सवाच्या सकाळी पालखी उचलायच्या आधी मी सगळ्यांच्या देखत मामींसमोर जाऊन उभी राहिले.

"मामी, गलती मेरी थी. आगे की जगह क्या होती है, मुझे पता नहीं था. उसकी सजा केया को मत दीजिए."

मामी शांतपणे म्हणाल्या, ही जागा कुणी मागून मिळत नाही आणि कुणी सांगून जात नाही. ज्याला पद येतं, तो तिथे उभा राहतो. मग त्यांनी केयाला मागच्या रांगेतून बोलावलं आणि एकटीला एक पद म्हणायला सांगितलं. नेमकं ते, जिथे मोठ्या बायकाही अडखळायच्या.

केयाने माझ्याकडे बघितलं नाही. सुरुवात छान केली. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. ती थांबली नाही, कुणाकडे बघितलंही नाही. तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली आणि पद शेवटापर्यंत नेलं. मामी डोळे मिटून ऐकत होत्या. डोळे उघडून त्या पहिल्या रांगेच्या मधल्या जागी गेल्या, एक पाऊल बाजूला सरकल्या आणि ती जागा केयाला दिली.

मी पालखीच्या मागे जाऊन उभी राहिले, वेदपाठवाल्यांच्याही मागे. तिथून मला केया दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. अभिमानाने मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत. दुसऱ्या फेरीत एका पदानंतर तिने दम घेतला, तशी पालखीही थांबली. पालखीमागे आम्ही सगळेच थांबलो. माझ्या पोरीने पुढची ओळ उचलली, आणि मगच देव चालायला लागला.