सत्काराची शाल

मायी सून मिनल मले म्हणते, "आई, रविवारच्या कार्यक्रमाले तुम्ही नका येऊ." आता सांगा. अकरा वर्षं झाली तिले या घरात येऊन. कुही तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई आहे ते. सकाळच्या बसले निघते तवा तिचा डबा मी भरून देते, अन् स्टेजवर चढाची वेळ आली त सासूनं घरी बसाचं. मी दुसरीतून शाळा सोडलेली. शिकल्यासवरल्या लोकांत मले पाहून तिले लाज वाटत असंन, असंच मी धरलं.

"काहून? मायी लाज वाटते?" मी इचारलं.

"तसं नाही आई."

"मंग कसं?"

"तुम्हाले आवडणार नाही ते." एवढं बोलून बाई कणिक मळत राहिली.

कार्यक्रम कसला, ते माया पोरानं, जितेंद्रनं, जेवता जेवता सांगितलं होतं. शहरातल्या काही मंडळीनं हॉल घेतला अन् शिक्षकायले बलावलं, का तुमच्या वर्गात काय काय होते ते लोकायले सांगा. लोकायले शाळा म्हणजे निकाल अन् पेपरातल्या भानगडी, आतलं कोणी सांगतच नाही म्हणे. मले एवढंच समजलं का मिनल स्टेजवर जाणार. आमच्या हुडकेश्वरात स्टेजवर चढवलेल्या माणसाले शाल-श्रीफळ ठरलेलं. गणपतीत मांडवाचे बांबू देणाऱ्यालेही शाल पडते. म्हणून मी गल्लीभर सांगून टाकलं, सुनेचा सत्कार आहे. अन् मंडळी विसरली त फजिती नको, म्हणून मीच एक शाल अन् नारळ आणून ठेवला.

रविवारी मिनल अन् जितेंद्र आधीच गेले. मागून मी, शेजारची तुळसाबाई अन् गल्लीतल्या अजून तीन बाया, ऑटो करून पोहोचलो. दुसऱ्या रांगेत बसलो. पाहतो त काय, ना हार, ना पाहुणे, ना टेबलावर फोटो. एक माइक अन् एक स्टूल.

"हार कुठी आहे वं, मनकर्णाबाई?" तुळसाबाई म्हणाली.

"येईन ना. तुले कुठं गाडी पकडाची आहे?"

मिनल उभी झाली. मले पाहिलं अन् तिचा चेहरा उतरला. मंग बोलाले लागली.

"माया वर्गात एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. दुसरीत आहे. हिवाळ्यात शाळेच्या आधी तिच्या आईसंगं ती मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवाच्या मैदानावर जाते, मिरच्यांचे देठ खुडाले. मले ते माहीत नव्हतं. ती पेन्सिल नीट धरत नव्हती. मी तिले आळशी म्हटलं. एक दिवस तिचा हात माया हातात घट्ट दाबून धरला अन् पाटीवर दहा ओळी गिरवून घेतल्या. ती रडत होती. मले वाटलं, नखरे आहेत. तिच्या आईले बलावून मी सांगितलं, पोरगी हट्टी आहे. दुसऱ्या दिवशीपासून ती आलीच नाही."

मिनलनं माइक जवळ ओढला.

"तिचा हात धरला त्याच दिवशी, परत येताना बसमध्ये, मी डोळ्यात गेलेला केस काढाले बोट लावलं. कुहीपासून घरापर्यंत डोळा उघडता आला नाही. तिच्या हाताची मिरची माया हाताले लागली होती. ती एवढीशी पोर ते हात घेऊन सकाळपासून बसली होती."

मले आठवलं. त्या दिवशी ती लाल डोळा घेऊन घरी आली होती, अन् मी म्हटलं होतं, शाळेत झोपा काढता काय. ते मोरीत जाऊन डोळ्यावर पाणी मारत राहिली होती.

पुढं तिनं सांगितलं का ती पोरीच्या घरी गेली, तिले परत आणलं, अन् आता मिरचीच्या दिवसांत शाळेत पहिले सगळ्यायच्या हाताले तेल लावते, मंग पाटी. पण मले ते धड ऐकू गेलं नाही. तुळसाबाई मायाकडे पाहून राहिली होती. मी गल्लीले सत्कार पाहाले आणलं होतं, अन् मायी सून चारशे लोकांत आपलाच गुन्हा सांगून खाली बसली.

राग आला का? आला. पण नेमका कोणाचा, ते मले समजून नाही राहिलं. माया माहेरी कापड विणाचा हातमाग होता. लहानपणी सुताले रंग देता देता माये हात कोपरापर्यंत निळे राहत. गुरुजी म्हणाले, घाणेरडे हात धुऊन ये, मंगच वर्गात बस. मी नळावर राखेनं घासत बसली, चामडी निघाली, रंग नाही निघाला. मधल्या सुट्टीत घरी गेली ते गेलीच. पण मी तर जन्मभर सगळ्यायले सांगत आली का मलेच शाळा आवडत नव्हती. मंग ते खोटं होतं का? खोटं त नाही वाटत. मले काही उमजेना.

माया बाजूले एक म्हातारे गुरुजी बसले होते, रिटायर झालेले. चष्मा पुसत मलेच म्हणाले, "अशी एक गोष्ट मायीही आहे. पण चाळीस वर्षं झाली आता."

"मंग सांगा ना उठून," मी म्हटलं. "ते पोरगं अजून जिवंत असंन."

माया तोंडून हे कसं निघालं, मलेच ठाऊक नाही. ते बिचारे उठले नाहीत. हातातला चष्मा घडी करत राहिले.

कार्यक्रम संपला. बाया ऑटोकडे गेल्या. तुळसाबाई जाता जाता म्हणाली, "शाल उरली मंग." मी म्हटलं, "तुया बारशाले ठेवते." पायऱ्यांवर मिनल उभी होती, पदर बोटाले गुंडाळत. जितेंद्र गाडी काढाच्या निमित्तानं सटकला. पोरगा बापावर गेला आहे.

"म्हणून मी नका येऊ म्हटलं होतं आई," ते म्हणाली. "तुमची मान खाली गेली असंन."

"त्या पोरीच्या घरी गेली होती न तू? तिच्या मायले काय सांगितलं?"

"पोरीले शाळेत पाठवा म्हटलं."

"अन् हे? मिरचीचं? मी चुकली म्हणून?"

मिनल खाली पाहत राहिली. "नाही सांगितलं. धीर नाही झाला."

मी पिशवीतून शाल काढली अन् तिच्या हातात दिली. ते मायाकडे पाहतच राहिली, तिले वाटलं तिलेच दिली.

"तुले नाही हे," मी म्हटलं. "मायी मान खाली नाही गेली, मिनल. पण चारशे अनोळखी लोकायले सांगितलं, अन् जिच्यासमोर पोरीले हट्टी म्हटलं तिलेच नाही सांगितलं, मंग तुयी गोष्ट अर्धीच झाली. उद्या हे शाल घेऊन तिच्या मायकडे जाय, पोरीले समोर बसव अन् तिथं सांग. अन् संध्याकाळी घरी आली का मले सांगजो, ते पोरगी काय म्हणाली. मले ऐकाचं आहे."