माझे कापा

"माझे कापायचे," मी म्हणाले.

मालकांनी पेन खाली ठेवलं. "बाई, लोक कपात नको म्हणून रडतात. मी ती बंदच करतोय. कर नाही, विमा नाही, फंड नाही. सगळा पगार रोख, हातात. आणि तुम्हाला तो नको?"

"नको."

आमच्या धुलाईखान्यात हॉटेलांच्या चादरी येतात. मालकांनी शोधलेली युक्ती सोपी होती. काम सोडल्याच्या कागदावर सही करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी येऊन उभं राहायचं. सगळ्यांनी केली, माझ्या धाकट्या जावेनंसुद्धा. मालक काही दानशूर नव्हते. आमच्या कपातीबरोबर त्यांनाही स्वतःचा वाटा भरावा लागतो, तो वाचणार होता.

रोख पगाराचं कौतुक मला सांगू नये. माझ्या नवऱ्यानं जन्मभर दुसरीकडे भट्टी सांभाळली. कपात नाही म्हणून ऐटीत नोटा काढून दाखवायचा. छाती निकामी झाली तेव्हा आम्ही विम्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, त्यानं पुन्हा पुन्हा शोधलं. शेवटी म्हणाला, या नावाचा कामगारच नाही. आणि हा माझ्या शेजारी उभा राहून खोकत होता. त्या खिडकीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

"मग एकटीनंच घड्या घाला," मालक म्हणाले. "तुमच्या जोडीला कुणी उभं राहणार नाही."

मोठ्या चादरीला दोघी लागतात, एकेका टोकाला एकेक. माझ्या समोरचं टोक कायम जावेचं. ती केबिनबाहेर वाटच बघत होती.

"ताई, करून टाका ना सही. तुम्ही अडून बसलात तर कुणालाच रोख नाही म्हणतात ते. मला पोरीची फी भरायचीय. तुमच्या हट्टापायी सगळ्यांच्या पोटावर पाय येईल."

"तुझ्या थोरल्या दिराच्या पोटावर कुणी पाय आणला होता गं?"

ती दुसऱ्या टेबलाकडे निघून गेली.

मी चादर उभी दुमडली. एक टोक केबिनच्या दाराच्या मुठीला घट्ट बांधलं, दुसरं धरून मागे सरकले आणि ताणलं. मूठ जावेपेक्षा बरी, निदान उपदेश करत नाही. इतक्यात मालकांना बाहेर यायची घाई झाली. दार आत उघडतं. त्यांनी आतून ओढलं, मी बाहेरून टाच रोवली.

"बाई, दार सोडा."

"थांबा, साहेब. घडी होऊ द्या."

कुणीतरी खुदकन हसलं. मालकांनी पुन्हा हिसका दिला. माझे खांदे भरून आले होते, पण सोडायचा विचार नव्हता. तेवढ्यात जाऊ आली. तिनं मुठीची गाठ सोडली आणि ते टोक स्वतःच्या हातात घेतलं. दार उघडलं. मालक लालबुंद होऊन उंबऱ्यात उभे राहिले.

जावेनं त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, उद्या मला काही झालं, तर त्या खिडकीत माझं नाव सापडेल?"

"सही केलीस ना? मग नाही सापडणार."

तिनं चादर ताणली. मग मान वळवून म्हणाली, "साहेब, माझा तो कागद फाडा. मी काम सोडलेलं नाही."

आणि टोक जुळवायला ती माझ्याकडे चालत आली.