केशरी ठिगळांची लाल गाडी

मित्रांनो, पोट जमिनीला टेकेल की काय असं वाटावं इतकी बुटकी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे मी. आता म्हातारी झाले आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा लोक माझ्या बॉनेटमध्ये बघून भांग पाडायचे. पहिल्या मालकाने मला पळवलं खूप, पुसलं कधीच नाही. मडगार्डला गंज धरला, तसं त्याने मला विकून टाकलं.

मग एका गणिताच्या मास्तरांनी मला घरी आणलं. त्यांची बायको म्हणाली, "अहो, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसायचं का? कसली ही गाडी?" पण पहिल्याच सुट्टीत खिडक्या उघड्या टाकून आम्ही दूर गेलो, तेव्हा बाई वाटभर हसत होत्या.

मास्तर माझं सगळं स्वतः करायचे. ऑइल बदलायचे, प्लग साफ करायचे. रंगाचा पोपडा उडाला की आधी पॉलिश पेपरने गंज पार घासून काढायचे, मग प्रायमर, मग रंगाचे पातळ हात. एक वाळल्याशिवाय दुसरा नाही.

ते निवृत्त झाले आणि हळूहळू त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला. त्यांना ते कळलंच नाही. दुकानातून आपणच डबी निवडून आणायचे, माझ्या दारावर रंग लावायचे आणि मागे सरकून म्हणायचे, "कुठे लावलाय ते ओळखूसुद्धा येत नाही." चांगलंच ओळखू येत होतं, मित्रांनो. रंग केशरी होता. अशी ठिगळं वाढत गेली. गल्लीतली पोरं मला गोवर आलेली गाडी म्हणायची. बाई मात्र म्हणायच्या, "छान झालंय हो."

शेवटी मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर ते तडक गॅरेजमध्ये आले आणि उभेच राहिले. मला वाटलं, झालं, आता मी भंगारात.

"हे असं कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"झाली बरीच वर्षं," बाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"इतकं मन लावून करत होतात. तुमच्या हातातला ब्रश काढून घेऊ?"

मास्तर खाली बसले आणि एक ठिगळ घासू लागले. खाली गंजाचा मागमूस नव्हता. दुसरं घासलं, तिथेही पत्रा ठणठणीत. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

"तुझे केस कधी पांढरे झाले गं?"

"तुम्ही गाडीखाली होतात तेव्हा."

यंदाचा रंग बाईंनी निवडला आणि दोघांनी मिळून लावला. इंजिनला आता चढावर धाप लागते, पण रोज संध्याकाळी ते दोघं मला फिरवून आणतात.

मित्रांनो, आपल्या वस्तूंची निगा आपल्या हाताने राखा. रंग थोडा चुकला तर आम्ही रुसत नाही, फक्त आत गंज ठेवून वरून रंगवू नका. आणि काम करता करता मधूनच मान वर करून घरच्या माणसांकडेही बघत जा.