नास्तिकाचे अशील

मंडईच्या चौकात लाकडी खोक्यावर उभे राहून मामा रोज संध्याकाळी प्रवचन करीत. सार्वजनिक शांततेस धोका आहे, असे कारण देऊन नगरपालिकेने त्यांना तेथे बोलण्यास मनाई केली, तेव्हा आईने मला फर्मावले, "तुझी ती नागरी हक्क संघटना परक्यांसाठी भांडते ना? मग सख्ख्या मामासाठीही भांड!"

मामांना ते मुळीच मान्य नव्हते. "देव न मानणाऱ्यानं माझी बाजू मांडायची? त्यापेक्षा मी गप्प बसेन."

"तेच तर हवंय त्यांना, मामा. सही करा."

कडू काढा प्यावा तशा मुद्रेने मामांनी वकीलपत्रावर सही केली. माझे म्हणणे सरळ होते: उपदेश झोंबतो म्हणून तो गुन्हा ठरत नाही, त्याने कोणी हाणामारीस उद्युक्त झाले, हे सिद्ध करण्याचा भार नगरपालिकेवर आहे. मामांना मी एवढेच बजावले होते, की उत्तर 'हो' किंवा 'नाही' यापलीकडे जाता कामा नये.

उलटतपासणीत नगरपालिकेच्या वकीलबाईंनी विचारले, "नास्तिक नरकात जळतील, असं तुम्ही लोकांना सांगता?"

"हो." तेथे थांबतील तर ते मामा कसले? "आणि पहिला नंबर माझ्या वकिलाचा!"

कोर्टात हशा पिकला. आणखी पुरावा तो काय हवा, अशा थाटात वकीलबाई खाली बसल्या. पुरावा खराच होता. तो कोणाच्या बाजूचा, एवढेच ठरायचे होते. मी उठलो.

"आपण मला हे केव्हापासून सांगत आहात?"

"आपण काय, आपण! मिसरूड फुटलं तेव्हापासून सांगतोय तुला."

"त्यावर मी कधी आपल्या अंगावर धावून आलो?"

"जेवायला धावून येतोस. दर रविवारी."

मी न्यायाधीशांकडे वळलो. "साहेब, या उपदेशाचा सर्वाधिक मारा सोसलेला इसम आपल्यासमोर उभा आहे. कोठे शांतता भंगलेली दिसते का?"

मनाई रद्द झाली.

दुसऱ्या संध्याकाळी मामांनी बोलण्यास आरंभ केला, तोच समोरच्या पायरीवरून एक निवृत्त मास्तर त्यांचा एकेक मुद्दा खोडू लागले. अर्धी गर्दी तिकडे सरकली. मामा तणतणत माझ्याकडे आले.

"त्याच्यावर मनाई आण!"

"नाही आणणार. उलट त्यांना कोणी हटवलं, तर त्यांचं वकीलपत्रही मीच घेईन."

मामा तरातरा खोक्याकडे परत वळले.

"घे," ते म्हणाले, "पण आधी त्याचा घसा बसवतो." आणि पहिल्यापेक्षा चढ्या आवाजात त्यांनी मास्तरांना उत्तर द्यायला सुरुवात केली.