आईच्या वाटणीचा अर्धा

बाबांनी जन्मभर कपडे शिवले, त्यामुळे फळसुद्धा ते कापत नाहीत, बेततात. ग्रेपफ्रूट आधी तळहातावर तोलायचं, जड लागलं म्हणजे रसाळ. मग बरोब्बर मधोमध आडवी सुरी. एक अर्धा त्यांचा, एक आईचा. बाबा आपल्या अर्ध्यावर साखरेचा ढीग रचायचे, आई चिमूटभर मीठ भुरभुरवायची.

"मिठानं कडवटपणा मरतो, गोडी वर येते. अहो, एकदा तरी ऐका माझं," ती म्हणायची. बाबा साखरेचा आणखी एक चमचा घ्यायचे. रोज सकाळी हेच.

मी त्या फळाच्या वाटेला जात नसे. ते झाडाला द्राक्षांसारखं घोसानं लागतं, म्हणून नावात द्राक्ष आलं, असं बाबांनी लहानपणी सांगितलं होतं. मग चवीत का नाही आलं, असं मी विचारलं, तर आई हसत सुटली होती.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. बाबा मात्र तसंच मधोमध कापत राहिले आणि दोन्ही अर्धे स्वतः खाऊ लागले. वाया जाऊ नये म्हणून खात असतील, असं मला वाटलं.

मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि ग्रेपफ्रूट बंद करायला सांगितलं. त्या फळामुळे ही गोळी शरीरात नीट मोडत नाही, औषध रक्तात साठत जातं आणि स्नायूंना, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. घरातली उरलेली फळं मी त्याच दिवशी शेजारी देऊन टाकली.

पुढचा रिपोर्ट आला तो आधीपेक्षा वाईट. "गोळी रोज घेता ना?" बाईंनी विचारलं. बाबांनी पुन्हा मान डोलावली. बाईंनी डोस दुप्पट केला.

घरी येऊन मी कचऱ्याचा डबा उघडला, तर तळाशी गुलाबी साली. माझं डोकंच फिरलं.

"गोळीबरोबर हे खाताय? जिवावर उदार झालात का?"

"गोळीबरोबर नाही खात," बाबा शांतपणे म्हणाले. "गोळी खातच नाही."

शिलाई मशीनच्या खणातून त्यांनी बटणांचा डबा काढला. गोळ्यांच्या पट्ट्या त्यात जशाच्या तशा होत्या. आई गेली तेव्हाही घाबरले नव्हते, इतकी मी त्या क्षणी घाबरले. आता हेही जाणार, आणि तेही एका कडू फळापायी.

"एवढं काय आहे हो त्यात?"

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. "ती गेल्यावर पहिल्यांदा तिचा अर्धा खाल्ला. तिच्यासारखं मीठ घालून. अगं, खरंच गोड लागतं. इतकी वर्षं ती सांगत होती. आता रोज तिचं ऐकतो. ते कसं सोडू?"

मला रडू आलं, आणि राग त्याहून जास्त आला. तशीच त्यांना हाताला धरून परत दवाखान्यात नेलं. सगळं ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. "याच कामाच्या दुसऱ्या गोळ्या आहेत. त्यांना या फळाचं वावडं नाही. आधी बोलायचं नाही का?" त्यांनी गोळी बदलून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्यासमोर नवी गोळी घेतली, तोंड उघडून दाखवलंसुद्धा. मग फळ तोलून मधोमध कापलं आणि आईचा अर्धा माझ्यापुढे सरकवला.

"मला नको. कडू असतं ते."

"खा."

सुटका नाही म्हटल्यावर मी साखरेचा डबा ओढला. बाबांनी तो उचलून आपल्या मांडीवर ठेवला आणि मीठ पुढे केलं.

"एकदा तरी ऐक माझं," ते म्हणाले.

मी चिमूटभर मीठ घेतलं.