तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

बेबाबाई थकायची, आणि थकणाऱ्या बाईला आपल्याकडे आळशी एवढंच नाव आहे. पुरुष थकला की त्याला खाट घालून देतात, डोकं चेपून देतात. बाई थकली की म्हणतात, हिला कामाचा कंटाळा.

तिचा नवरा भिकन फैजपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई होता. पंधरा वर्षं त्याने काचेच्या नळ्या धुतल्या आणि एका आठवड्याच्या काविळीत तो गेला. त्याच्या जागी अनुकंपेवर बेबाबाईला घेतलं, पण वर्षाच्या बोलीवर. वर्षभर काम बघू, जमलं तर कायम, नाहीतर घरी. काम असं होतं : खालच्या नळावर कळशी भरायची आणि तिसऱ्या मजल्यावर न्यायची. चौसष्ट पायऱ्या, दिवसाला सहा खेपा. वर नळ बसवायचा विचार इतकी वर्षं कोणाच्या डोक्यात आला नाही, कारण पाणी वर चालत येत होतं.

दुसऱ्या मजल्यावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती कळशी कठड्यावर टेकवायची आणि पायरीवर बसायची. हेडक्लार्क निंबाभाऊ खालून बघत असायचा. त्याचा भाचा तीन वर्षं घरी बसून होता, आणि रिकामी होण्यासारखी जागा एवढी एकच होती.

"काय बेबाबाई, गड चढलात का?" तो ओरडायचा. "वर्ष भरायला आलं हं. रिपोर्ट मलाच लिहायचाय."

स्टाफरूमचा माठ तीच भरायची. निंबाभाऊ मात्र घरून थर्मास आणायचा. का, ते कोणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं.

बेबाबाई आणि भिकन दोघंही धुळ्याकडचे, साक्री तालुक्यातले. घरात अहिराणी. भिकन गेला आणि तिची बोली घरात ऐकणारंच कोणी उरलं नाही. लेक लग्न होऊन सुरतला. एकट्या जिवासाठी स्टोव्ह कोण पेटवणार? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा, संध्याकाळी उरला तर टोस्ट. मग दर पंधरा दिवसांनी ती बाजारातल्या दवाखान्यात जाऊन बाटली लावून घ्यायची. अंगात कमजोरी आली की बाटली, हा आमच्या खान्देशातला धर्मच झालाय. खाटेवर पडायचं, सुई टोचून घ्यायची आणि वर टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब ताकद उतरते आहे असं मानायचं. डॉक्टर बाटलीत पिवळं औषध सोडायचा. रंग दिसला की पेशंट खूश. तास-दोन तास बाईला बरंही वाटायचं, कारण कित्येक दिवसांत ती तेवढीच आडवी झालेली असायची आणि तेवढ्यात कोणीतरी तिच्या मनगटाला हात लावलेला असायचा.

डिसेंबरात एके सकाळी अकरावीच्या वर्गात तिने पेशीचा तक्ता नेऊन टांगला. जीवशास्त्राचे रुपचंद सर लांब काठीने त्यातला एकेक भाग दाखवत होते.

"हे शेंगदाण्यासारखं दिसतंय ना, याला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. पेशीतलं वीजघर. तुम्ही खाता ते अन्न आणि नाकाने घेता ती हवा इथे एकत्र येतात, तेव्हा शक्ती तयार होते. एकेका पेशीत अशी शेकडो असतात."

बेबाबाई दाराशीच थांबली. वर्ग सुटल्यावर ती पुढे आली.

"सर, हाई मना आंगमा बी शे का?"

मागे राहिलेली दोन पोरं फिसकन हसली. सर हसले नाहीत. "तुमच्या आहे, माझ्या आहे. निंबाभाऊंच्या अंगातसुद्धा आहे."

"मंग मन्या काय बंद पडेल शेतस?"

"आज सकाळी काय खाल्लं?"

"चहा."

"काल रात्री?"

ती तक्ता गुंडाळत राहिली.

"बंद नाही पडली, बाई. उपाशी आहेत," सर म्हणाले. "वीजघराला कोळसा दिला नाही, तर दिवे कसे लागणार? आणि तुम्ही बाटली लावता ना? त्यात मीठ आणि पाणी. ते माझ्या प्रयोगशाळेत फुकट मिळतं."

त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला लावलं. रक्त फार कमी निघालं. गोळ्या मिळाल्या. सरांनी आणखी सांगितलं : रोज वेळेवर जेवायचं, भाकरीबरोबर डाळ आणि पालेभाजी हवीच, चहा जेवणाबरोबर नको, रात्री लवकर झोपायचं, आणि सुट्टीच्या दिवशीही खाटेवर पडून न राहता थोडं चालायचं. "शरीराला रोज झेपेल एवढं काम दिलं की ही वीजघरं वाढतात. एका दिवसात नाही. पण वाढतात."

बेबाबाईने स्टोव्ह पेटवला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली, मेथी परतली. एकटीच्या ताटासमोर बसली. समोर कोणी नसलं की जेवण किती मोठं वाटतं, हे ज्याच्या घरात चार माणसं आहेत त्याला कळणार नाही. तरी ती जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. कळशी निम्मी भरून खेपा वाढवल्या. रविवारी केळीच्या बागांच्या बाजूने सडकेवर चालून यायची. वाटेत कोणी ओळखीचं भेटत नसे, भेटलंच तर मान हलवून पुढे जाई.

पंधरा दिवसांत काही झालं नाही. महिन्यानेही फारसं नाही. एकदा ती मधल्याच पायरीवर बसून रडली आणि बाटलीवाल्याकडे जायला निघाली होती, पण त्या दिवशी दवाखाना बंद निघाला. मार्चमध्ये एका दुपारी ती कळशी घेऊन वर पोचली आणि खाली उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, आज आपण दुसऱ्या मजल्यावर बसलोच नाही.

मे महिन्यात प्रिन्सिपल साहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर निंबाभाऊचा रिपोर्ट होता. साहेबांनी वाचून दाखवला : प्रकृती अशक्त, कामास अपात्र.

"खरं आहे का?" साहेब म्हणाले.

"थकत व्हते, साहेब. खोटं का सांगू," बेबाबाई म्हणाली. "पण वर्षात एक दिवस गैरहजर नाही. वहीत बघा. वर पाणी नाही, असा एक दिवस दाखवा."

"अहो, पायरीवर बसून राहते ती," निंबाभाऊ मधे बोलला. "पोरं हसतात."

बेबाबाई बाहेर गेली आणि भरलेली कळशी घेऊन आली. ती तिने निंबाभाऊच्या पायाशी ठेवली.

"भाऊ, एवढी एक तिसऱ्या मजल्यावर न्या. न बसता. मग लिहा काय लिहायचं ते."

निंबाभाऊ कळशीकडे बघत उभा राहिला. हात पुढे झाला नाही. वजनाला घाबरून नव्हे. ती कळशी कोणाच्या हातची होती, हे त्याला आड येत होतं, आणि ते तोंडाने म्हणायची साहेबांसमोर त्याची छाती नव्हती.

साहेबांना सगळं कळलं. पण कळल्याचं त्यांनी दाखवलं नाही. शिकलेली माणसं असल्या वेळी चष्मा पुसतात. त्यांनीही पुसला, मग रिपोर्टवर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. "कायम," एवढंच म्हणाले.

निंबाभाऊ फाईल घेऊन बाहेर पडला. बेबाबाईने कळशी उचलली आणि वर पोचवली, कारण वर पाणी लागत होतं. रुपचंद सरांना सांगावं म्हणून ती प्रयोगशाळेत डोकावली, तर सर पेपर तपासायला जळगावला गेलेले. लेकीला सुरतला पत्र पोचायला आठवडा लागणार होता.

पाच वाजता ती घराकडे न वळता एसटी स्टँडवर आली. तिला कुठेच जायचं नव्हतं. बाकावर केळीची पाटी घेऊन एक अनोळखी बाई बसली होती. बेबाबाई तिच्या शेजारी टेकली.

"मला नोकरीत कायम केलं आज," ती म्हणाली.

"बरं झालं हो," ती बाई म्हणाली. "भुसावळची गाडी गेली का?"

"नाही. यायचीय अजून."

गाडी येईपर्यंत बेबाबाई तिथेच बसून राहिली.